तासांची वही: मांडणीच्या व्यवसायातल्या एका वर्षाच्या नोंदी

६ जानेवारी

आजपासून प्रत्येक तास लिहायचा. पुस्तकं, अहवाल, नियतकालिकं यांची मांडणी करून देण्याचं काम मी एकटी करते. चार वर्षं झाली, पण एखाद्या कामाला नेमका किती वेळ गेला हे मला एकदाही सांगता आलेलं नाही. गेल्या वर्षी एक महिनासुद्धा रिकामा गेला नाही, तरी वर्षाखेरीची शिल्लक त्याआधीच्या वर्षाएवढीच राहिली. गळती कुठेतरी आहे आणि ती नुसत्या विचाराने सापडत नाही, हे आता पटलंय.

वहीत रकाने पाच: तारीख, काम, सुरू, बंद, काय केलं. पाव तासापेक्षा लहान नोंद करायची नाही. ज्याचे पैसे मिळत नाहीत तो वेळही लिहायचा: कोटेशन, फोन, मेल, बिलं, नवीन सॉफ्टवेअर शिकणं, सगळं. सुरुवातीला जाच वाटेल, पण वर्षभर चालवायचं ठरवलंय.

९ जानेवारी

वर्षातलं पहिलं मोठं काम हाती आलं. एका संस्थेचा डोंगराळ भागातल्या पाण्याच्या स्रोतांवरचा अहवाल. १९२ पानं, म्हणजे सोळा पानी बारा फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच). ४१ तक्ते, साठेक फोटो, शेवटी सूची. कोटेशन परवाच दिलंय: तासाला ४ पानं, एकूण ४८ तास, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या धरून.

तासाला ४ पानं हा आकडा आला कुठून, ते आज वहीत लिहिताना शोधलं. तीन वर्षांपूर्वी एक कादंबरी लावली होती, तेव्हाचा आहे. कादंबरीत तक्ते नसतात. तरी तोच आकडा मी तेव्हापासून सगळीकडे लावत आलेय.

१४ जानेवारी

मजकूर आला आणि उघडल्याबरोबर पहिली अडचण समोर. बारापैकी सात प्रकरणं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी, सगळ्या संगणकांवर चालणारी पद्धत. या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरं रोमनच असतात, फक्त त्यांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट बदलला की पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. म्हणून आधी सगळं युनिकोडमध्ये आणावं लागतं.

रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती सगळं नीट करत नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टंकायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. ‘स्थिती’ मधली पहिली वेलांटी ‘स्थ’ या अख्ख्या जोडाक्षराच्या पुढे न्यायला हवी. साधनाने ती ‘स्’ नंतरच सोडली की शब्द मोडतो. रफाराचं उलट. ‘कार्य’ मधला रफार जुन्या पद्धतीत ‘य’ नंतर येतो, तर युनिकोडमध्ये ‘र्’ आधी असतो.

हे मोडलेले शब्द निदान डोळ्यांना खुपतात. खरा धोका ‘ऱ्य’ चा. रूपांतरात त्याचा ‘र्य’ झाला की शब्द मोडत नाही, दुसराच तयार होतो. ‘आचाऱ्यांना’ चं ‘आचार्यांना’ झालं तर स्वयंपाकी गुरुजी होतात आणि शुद्धलेखन तपासणीला त्यात काही चुकीचं दिसत नाही. या अहवालात तर पानोपानी दऱ्या आहेत. ‘दऱ्यांमधले झरे’ चं झालंय ‘दर्यांमधले झरे’. डोंगरावरच्या अहवालात समुद्र! ‘र्य’ आणि ‘र्ह’ असलेला प्रत्येक शब्द शोधून हाताने तपासला. आज साडेसहा तास गेले. कोटेशनमध्ये या कामाचा एक तासही नाही, कारण कोटेशन देण्यापूर्वी मी मजकुराचं एक पानसुद्धा मागून घेतलं नव्हतं.

१७ जानेवारी

मजकूर शुद्ध झाला, एकूण १९ तास. फोटो पाहिले. बरेचसे संकेतस्थळावरून उतरवलेले, १२०० पिक्सेल रुंदीचे. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात, म्हणजे असा फोटो जेमतेम ४ इंच रुंद छापता येतो. त्यांना हवेत पानभर. मूळ फोटो मागवलेत.

४ फेब्रुवारी

पहिलं प्रूफ गेलं होतं, त्याच्या दुरुस्त्या आल्या. पाच जणांकडून, पाच वाटांनी. तिघांनी कागदावर खुणा केल्यात, एकाने पीडीएफवर शेरे लिहिलेत आणि एका बाईंनी अकरा ध्वनिसंदेश पाठवलेत. पान ३८ वरचा मथळा एकाला पुढच्या पानावर हवाय, दुसऱ्याला आहे तिथेच. कोणाचं ऐकायचं हे मी ठरवू शकत नाही आणि संस्थेत ते कोणी ठरवलेलं नाही.

मांडणीतली दुरुस्ती म्हणजे काय, हे बाहेरून कळत नाही, आणि मी कधी कोणाला समजावून सांगितलेलंही नाही. पान १४ वर एक वाक्य वाढलं की तीन ओळी पान १५ वर जातात. तिथला तक्ता मावत नाही म्हणून तो १६ वर उडी मारतो आणि १५ वर खाली अर्धं पान पांढरं राहतं. मग अनुक्रमणिका बदलते, सूची बदलते, ‘पान ५२ पाहा’ म्हटलंय तिथला मजकूर ५३ वर गेलेला असतो. टंकणाऱ्याला एका वाक्याचा अर्धा मिनिट लागला, मला चाळीस मिनिटं.

११ फेब्रुवारी

दुसरी फेरीही संपली आणि त्यानंतर अध्यक्षांचं दोन पानी मनोगत आलं. पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला टाकायचं. १९२ ची १९४ पानं झाली आणि फर्मा मोडला. दोन पानांसाठी वेगळा तुकडा छापायचा तर कागद आणि बांधणी दोन्हींचा खर्च वाढतो. समन्वयक फोनवर म्हणाले, “तुम्ही बघा ना काहीतरी बसवून, तुम्हाला येतं ते.” मी हो म्हटलं. परिशिष्टांतल्या मोकळ्या जागा आवळून, दोन तक्ते शेजारी शेजारी आणून १९२ मध्ये बसवलं. सहा तास.

ते छान बसलंय याचं समाधान आहे. पण हे ठरल्यापेक्षा जास्तीचं काम आहे आणि त्याचे एवढे पैसे होतील, हे मी त्याच फोनवर म्हणायला हवं होतं. काम करून दिल्यावर तो विषय काढायला जीभ रेटत नाही, आणि समोरच्याचंही त्यात काही चुकत नाही. त्यांच्या दृष्टीने ते ठरलेल्या कामातच होतं, कारण मी वेगळं काही सांगितलंच नाही.

२३ फेब्रुवारी

अहवाल छापायला गेला. वहीतली बेरीज: मजकूर शुद्ध करणं १९, मूळ मांडणी ३३, तक्ते ११, दुरुस्त्या २८. एकूण ९१ तास. अंदाज होता ४८. तासाचा दर १०० धरला असेल तर हातात पडले ५३.

मन खट्टू झालं, मग थोडं वाचलं. माणसं स्वतःच्या कामाला लागणारा वेळ सातत्याने कमी धरतात, याला डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नाव दिलं: नियोजनाचा भ्रम. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या संशोधकांनी पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की किती दिवस लागतील. सरासरी उत्तर आलं ३३.९ दिवस. सगळं अगदी वाईट घडलं तर किती? ४८.६. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५. वाईटात वाईट अंदाजही अपुरा पडला, हे वाचून मी बराच वेळ थांबले. कारण मीसुद्धा असंच करते. समोरच्या कामाकडे पाहून मनात ते पायरी पायरीने करत जाते आणि त्या मनातल्या कामात फॉन्ट नेहमी युनिकोड असतो. याआधीच्या अशाच कामाला किती वेळ लागला, हा प्रश्न विचारायला हवा, आणि त्याचं उत्तर द्यायला माझ्याकडे आजवर नोंदच नव्हती.

२ मार्च

आठ आठवड्यांचा हिशोब. एकूण ३१२ तास काम केलं. त्यातले ग्राहकांच्या फाइलींवर १७८. उरलेले १३४ असे गेले: फोन आणि मेल ४१, कोटेशन २९, नवीन कामं शोधणं २४, शिकणं २२, बिलं आणि हिशोब १८. म्हणजे ज्यावर दर लावता येतो असा वेळ ५७ टक्के.

माझा दर मी कसा ठरवला होता? नोकरीतला पगार घेऊन त्याला वर्षाच्या तासांनी भागलं होतं. आठवड्याचे ४० तास, ५२ आठवडे, २०८० तास. आज तेच गणित वहीतल्या आकड्यांनी मांडलं. कामाचे दिवस २६०, त्यातून सुट्ट्या, आजारपण, सण, घरच्या अडचणी यांचे ३० गेले की २३०. रोज आठ तास धरून १८४०. त्याचे ५७ टक्के म्हणजे साधारण १०५० तास. पगाराला २०८० ऐवजी १०५० ने भागलं की दर जवळजवळ दुप्पट येतो. आणि यात सॉफ्टवेअरचं वर्षाचं शुल्क, संगणक, विमा, म्हातारपणाची तरतूद काहीच नाही. नोकरीत असताना हे सगळं दुसरं कोणी पाहत होतं.

चार वर्षं मी निम्म्या दराने काम केलं. आणि याला ग्राहक जबाबदार नाहीत, मी सांगितला तो दर त्यांनी दिला.

२७ मार्च

अहवालाचं बिल २४ फेब्रुवारीला पाठवलं होतं, मुदत तीस दिवस. काल मुदत संपली. समन्वयकांना मेल केला. “लेखा विभागाकडे दिलंय,” असं उत्तर आलं.

८ एप्रिल

आज धीर करून थेट लेखा विभागाला फोन केला. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या. बिलावर खरेदी आदेशाचा, म्हणजे काम देताना संस्था काढते त्या लेखी मंजुरीचा, क्रमांक नाही, त्यामुळे ते त्यांच्या प्रणालीत चढलेलंच नाही. सहा आठवडे ते कोणाच्या तरी टेबलावर होतं. क्रमांक कोण देतं? समन्वयक. त्यांना ठाऊक होतं का, की तो लागतो? नव्हतं. क्रमांक मिळवून बिल आजच पुन्हा पाठवलं. तीस दिवस आता आजपासून मोजणार.

पुढच्या प्रत्येक कामात सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारायच्या: बिल कोणाच्या नावाने काढायचं, त्यावर कोणता क्रमांक लागतो, आणि पैसे सोडणारी व्यक्ती कोण. काम देणारा माणूस आणि पैसे देणारा माणूस बहुतेक ठिकाणी वेगळे असतात.

९ मे

पैसे जमा झाले. ७४ दिवस.

१० मे

या व्यवसायात माझ्या आधी वीस वर्षं घालवलेल्या एका ताईंशी फोनवर बोलले. सगळी वही वाचून दाखवली. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “अगं, काम संपवून मग पैसे मागतेस म्हणजे तितके महिने तू त्यांना उधार देतेस. बिनव्याजी. मी आगाऊ रक्कम आल्याशिवाय फाइल उघडत नाही.”

“पण विश्वास नाही असं वाटेल त्यांना.”

“छापखानावाला आगाऊ मागतो तेव्हा वाटतं का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुपारी कोटेशनचा नवा नमुना लिहिला. ४० टक्के सुरुवातीला, ३० पहिल्या प्रूफबरोबर, ३० छपाईची फाइल देण्याआधी. प्रूफच्या पीडीएफमध्ये फोटो कमी दर्जाचे ठेवायचे, म्हणजे शेवटचा हप्ता येईपर्यंत छपाईयोग्य फाइल माझ्याकडेच राहते. काम मधेच रद्द झालं तर तोवरचे हप्ते परत नाहीत, हेही लिहिलं.

सर्वांत जास्त वेळ ‘फेरी’ या शब्दावर गेला. नुसतं ‘दोन फेऱ्या’ म्हणून भागत नाही, हे फेब्रुवारीने शिकवलं. शेवटी असं लिहिलं: फेरी म्हणजे संस्थेने नेमलेल्या एका व्यक्तीने, सगळ्यांच्या दुरुस्त्या एकत्र करून, परस्परविरोध मिटवून, एकाच फाइलमध्ये दिलेला संच. पहिल्या फेरीत मजकूर बदलता येईल, दुसरीत फक्त चुका. त्यापुढे आणि नव्या पानांसाठी तासाचा दर लागू, आणि काम करण्याआधी तासांचा अंदाज लेखी कळवला जाईल. नमुन्याचं एक प्रकरण पाहिल्याशिवाय कोटेशन दिलं जाणार नाही. लिहून झाल्यावर एकदा मोठ्याने वाचलं, कोणाला टोचेल असं त्यात काही राहू नये म्हणून.

१६ जून

बाहेरची हार्ड डिस्क बंद पडली. नियतकालिकाच्या तीन अंकांच्या मूळ फाइली त्यावर होत्या. संगणकावर प्रती होत्या म्हणून वाचले, पण एका अंकाची जी प्रत होती ती शेवटची होती की शेवटच्या आधीची, हे ठरवायला दोन तास गेले. तिन्ही फाइलींच्या नावात ‘अंतिम’ होतं.

आजपासून नावाच्या सुरुवातीला तारीख: वर्ष, महिना, दिवस या क्रमाने. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून हाच क्रम सांगतं, आणि त्याचा फायदा साधा आहे. नावाने क्रम लावला की तारखेचाच क्रम लागतो. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

११ ऑगस्ट

ज्यांच्या नियतकालिकावर माझं सर्वांत जास्त काम चालतं, त्यांनी मांडणीसाठी स्वतःचा माणूस नेमला. मला वेळेत कळवलं, शेवटचं बिलही चुकतं केलं. तक्रारीला जागा नाही. पण पहिल्या सहामाहीतल्या माझ्या मिळकतीत त्यांचा वाटा ६२ टक्के होता. हा आकडा वहीत कायम होता, मी फक्त तशी बेरीज कधी केली नव्हती.

दुसरी बेरीजही आज केली. नवीन कामं शोधायला जानेवारी-फेब्रुवारीत २४ तास दिले होते. एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत तीन. हात भरलेले होते म्हणून थांबवलं. आज विचारलेलं काम मिळायला माझ्या क्षेत्रात दोन-तीन महिने जातात, तेव्हा आत्ताचा रिकामा ऑगस्ट एप्रिलमध्येच तयार होत होता.

अकरा जुन्या ग्राहकांना पत्रं लिहिली. एकसारखी नाहीत, प्रत्येकाला त्यांच्या शेवटच्या कामाची आठवण देऊन.

२९ ऑगस्ट

अकरापैकी तिघांची उत्तरं. एक काम मिळालं, छोटं. शुक्रवारचा पहिला तास यापुढे कायम या कामासाठी, हात कितीही भरलेले असले तरी.

१९ सप्टेंबर

एका प्रकाशनाने वीस पानं नमुन्यादाखल फुकट लावून मागितली. “आवडलं तर पुढे भरपूर काम आहे.” खात्यात दीड महिन्याचा खर्च शिल्लक, समोर भरपूर काम, आणि मी रात्री उशिरापर्यंत जागी होते. सकाळी लिहिलं की आधीच्या कामांतली पानं दाखवते, आणि त्यांच्याच मजकुराची चार पानं हवी असतील तर तासाच्या दराने करून देईन. उत्तर आलेलं नाही. भीती गेलेली नाही, पण वीस पानं म्हणजे सात-आठ तास, हे आता वही पाहून सांगता येतं, आणि ते दान करण्याइतके माझ्याकडे नाहीत.

१३ ऑक्टोबर

जुन्या चार ग्राहकांना नव्या दराची पत्रं गेल्या महिन्यात पाठवली होती. पत्र छोटं ठेवलं: एक जानेवारीपासून दर हा राहील, चालू कामं जुन्याच दराने पूर्ण होतील. कारणं दिली नाहीत. पहिल्या मसुद्यात दीड पान कारणं होती, ताईंनी ती सगळी खोडली.

दोघांनी लगेच होकार दिला. तिसऱ्यांनी पानं कमी करून त्याच खर्चात बसवता येईल का असं विचारलं, त्यावर चांगली चर्चा झाली आणि त्यांचं वार्षिकपत्र खरोखरच आटोपशीर होणार आहे. चौथे गेले. त्यांच्याबरोबर सात वर्षांची ओळख, नोकरीच्या काळापासूनची, त्यामुळे वाईट वाटलं. संध्याकाळी वहीत पाहिलं: यंदाच्या मिळकतीत त्यांचा वाटा ९ टक्के, तासांत १७.

८ डिसेंबर

जानेवारीतल्या पाण्याच्या अहवालाची दुसरी आवृत्ती निघतेय. संस्थेने पुन्हा मलाच विचारलं. तीन प्रकरणं नवी, बाकीच्यांत आकडे अद्ययावत. नवा मजकूर आधी मागवला, सगळा युनिकोडमध्ये आहे. कोटेशन वहीवरून काढलं: साधी पानं, तक्त्यांची पानं, दुरुस्तीची एक फेरी, प्रत्येकाचे तास वेगळे. एकूण ३४. दर नवा. फेरीची व्याख्या समन्वयकांना फोनवर वाचून दाखवली. मला वाटलं होतं ते कुरकुरतील. ते म्हणाले, “हे बरं केलंत. आमच्याकडेच पाच जण एकमेकांशी बोलत नाहीत, तुमच्या या ओळीमुळे आता बोलावं लागेल.”

१० डिसेंबर

आगाऊ रक्कम जमा. खरेदी आदेशाचा क्रमांक त्यांनी स्वतःहून कळवला. फाइल उघडली.

२२ डिसेंबर

छपाईची फाइल दिली. दुरुस्त्या एकाच फाइलमध्ये आल्या, एकाच बाईंकडून. त्याच, ज्यांनी ध्वनिसंदेश पाठवले होते. सगळ्या दऱ्या जागच्या जागी आहेत, शेवटचं पान पाठवण्यापूर्वी पुन्हा एकदा शोधून पाहिलं.

३४ तासांचा अंदाज होता, लागले ३७. जास्तीचे तीन तास परिशिष्ट ३ मधल्या दोन आडव्या तक्त्यांवर गेलेत. पुढच्या वर्षीच्या वहीत आडव्या तक्त्यांसाठी वेगळा रकाना आखला.